उशिरा आलेला विद्यार्थी : ‘मादाम बोवारी’च्या आरंभाविषयी

गुस्ताव्ह फ्लोबेरच्या ‘मादाम बोवारी’ (१८५७) या कादंबरीचा आरंभ नायिकेपासून होत नाही. तो रूआँ येथील एका शाळेच्या वर्गात होतो. मुख्याध्यापक एका नव्या मुलाला घेऊन येतात. शार्ल बोवारी हा सुमारे १५ वर्षांचा, इतर सर्वांहून उंच असा खेडवळ मुलगा. काटकसरीपायी आईबापांनी त्याला होईल तितक्या उशिरा शाळेत घातलेले. तोवरचे लॅटिन गावच्या धर्मगुरूने सवडीनुसार शिकविलेले. साहजिकच वयाला साजेशा वर्गाऐवजी त्याला खालच्या वर्गात बसावे लागते.

हा प्रसंग, विशेषतः शार्लची ती विचित्र टोपी, म्हणजे त्याच्या जन्मजात मांद्याचे पूर्वचिन्ह, असा अर्थ लावण्याकडे वाचकाचा सहज कल होतो. प्रस्तुत लेखकास तो अपुरा वाटतो. वर्गात शिरताच टोप्या बाकाखाली भिरकावण्याची मुलांची रीत असते. शार्लला ती उमगत नाही, किंवा पाळण्याचे धैर्य होत नाही. टोपी मांडीवरच राहते. तो उभा राहताच ती पडते आणि वर्ग हसतो. शिक्षक काय करतात? ते टोपीवर एक कोटी करून हशात भर घालतात. पुढे नावाच्या अस्पष्ट उच्चारावरून गोंधळ माजतो आणि मुलाला मठ्ठांच्या बाकावर जाण्याची आज्ञा होते. सर्व वर्गाला ५०० ओळी लिहिण्याची शिक्षा मिळते हे खरे. परंतु आपण हास्यास्पद आहोत अशा अर्थाचे लॅटिन क्रियापद २० वेळा लिहून काढणे नवागताच्याच वाट्याला येते. टोपी सापडेल, असा सौम्य दिलासाही शिक्षक देतात. ते दुष्ट नाहीत. त्यांनी उशिराचा प्रश्न शिस्तीचा मानला. वर्गाची रीत सांगण्याचे साधे काम मात्र कोणीच केले नाही.

पुढे शार्ल प्रत्येक शब्द कोशात पाहून नेटाने अभ्यास करतो, आणि खालच्या वर्गात जाण्याचे टळते. वैद्यकाच्या व्याख्यानांनाही तो नियमाने बसतो, पण त्याला काहीच समजत नाही. फ्लोबेर येथे डोळे बांधून जागच्या जागी फिरणाऱ्या घोड्याची उपमा देतो; आपणांस घाण्याचा बैल आठवेल. निमूटपणे आज्ञा पाळावी, विचारू नये, हा पहिल्या दिवसाचा धडा तेवढा टिकलेला दिसतो.

कादंबरी हा अध्यापनशास्त्राचा ग्रंथ नव्हे, आणि शार्लचे मांद्य एका दिवसात उपजलेले नाही, असा आक्षेप घेता येईल. तो रास्तही आहे. तथापि निवेदनाची साक्ष दुर्लक्षिता येत नाही. कथा सांगणारे ‘आम्ही’ म्हणजे तो वर्गच होय. टोपीचे बारीकसारीक वर्णन करणारे हे ‘आम्ही’ थोड्याच पृष्ठांनंतर कबूल करते, की त्या मुलाविषयी आता कोणालाच काही आठवणे शक्य नाही. वर्गाच्या स्मरणात टोपी राहिली. मुलगा राहिला नाही.

सत्र सुरू झाल्यावर दाराशी उभा राहणारा विद्यार्थी आपणांपैकी कोणालाही अपरिचित नाही. बुडालेल्या तासांची टिपणे त्याला मिळतात. वर्गाची रीत त्याला कोण सांगतो, हा फ्लोबेरने पहिल्याच प्रकरणात उभा केलेला प्रश्न मात्र अजून आपल्यापुढे आहे.