ही फाइल नक्की कोणी लिहिली?

कॉन्फिगरेशन फाइल हाही एक मजकूरच असतो, आणि मजकूर म्हटला की तो कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, हे विचारता येतं.

डेबियनची जुनी ‘इंटरफेसेस’ फाइल घ्या. कार्डाचं नाव, अ‍ॅड्रेस, नेटमास्क, गेटवे. संपलं! रुक्ष आहे, पण प्रामाणिक. लिहिलंय तेच लागू होतं.

आता आजच्या उबुंटू सर्व्हरवर ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ उघडा. साइटच्या नावाचा आयपी पत्ता कोणत्या डीएनएस सर्व्हरला विचारायचा, ते सांगणारी ही फाइल. आत काय सापडतं? नेमसर्व्हर १२७.०.०.५३. म्हणजे मशीन स्वतःलाच विचारतंय! नीट पाहिलं तर ही फाइल नाहीच. ‘रन’ डिरेक्टरीतल्या दुसऱ्या फाइलकडे नेणारी सिमलिंक आहे. ती दुसरी फाइल सिस्टिमडी-रिझॉल्व्हड लिहितो, आणि ‘रन’ तर मेमरीतच असतं. नवशिका इथे ८.८.८.८ टाकतो, साइट उघडते, गडी खूश. पुढच्या रीबूटला बदल गायब! वरच्या कॉमेंटमध्ये ‘हात लावू नका’ असं बजावलेलं असतं, पण ‘इटीसी’तली फाइल आपली, ही सवय फार जुनी. कॉमेंट वाचतो कोण?

माझा आक्षेप मधल्या थराला नाही. लॅपटॉप घरच्या वायफायवरून ऑफिसच्या व्हीपीएनवर जातो, तेव्हा हाताने लिहिलेली एकच यादी पुरत नाही. आक्षेप हा, की अहवाल आदेशाच्या जागी, आदेशाच्याच नावाने ठेवलाय. जुने प्रोग्राम तीच फाइल शोधतात, म्हणून ठेवावा लागतो. कारण पटतं, गोंधळ मात्र राहतोच.

उबुंटूने १७.१० मध्ये डिफॉल्ट केलेला नेटप्लॅन त्या मानाने सरळ. आदेश ‘इटीसी’त, त्यातून तयार झालेल्या फाइली ‘रन’मध्ये. यॅमलचा जाच आहेच, टॅब चालत नाही, स्पेस मोजत बसा. पण ‘नेटप्लॅन ट्राय’साठी मी ते सोसतो. नवं सेटिंग लागू होतं आणि १२० सेकंदांत तुम्ही एंटर दाबला नाही, तर जुनं परत येतं. सर्व्हर लांबच्या डेटा सेंटरमध्ये, गेटवे चुकलेला, एसएसएच तुटलेलं; अशा वेळी ही दोन मिनिटं काय असतात, ते अडकलेल्यालाच विचारा. फक्त बाँड किंवा ब्रिजचे पॅरामीटर बदलताना त्यावर विसंबू नका. ते मागे फिरवता येत नाहीत.