‘कीर्तिमुख’ की ‘मकरप्रणाल’? : एका प्रतिशब्दाची चिकित्सा

युरोपातील मध्ययुगीन चर्चच्या भिंतींतून पुढे झेपावणाऱ्या पशुमुखी शिल्पांना ‘गार्गॉइल’ म्हणतात. मराठी लेखनात त्यांस कधी कधी ‘कीर्तिमुख’ हा प्रतिशब्द योजिला जातो. दोन्ही मुखे दगडी, दोन्ही विक्राळ, दोन्ही देवालयाशी निगडित. एवढ्याच साम्यावर हा प्रतिशब्द उभा आहे. तथापि शिल्पाचे नाव चर्येवरून ठरवावे की कार्यावरून, हा मूळ प्रश्न त्यात दृष्टिआड होतो.

‘गार्गॉइल’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधील असून त्याचा मूळ अर्थ ‘घसा’ असा आहे. छपरावरील पावसाचे पाणी भिंतीवरून ओघळू न देता दूर फेकणे, हे या शिल्पाचे काम. त्याची ताणलेली मान व उघडा जबडा ही प्रथम या कामाची गरज आहे; भयानकता त्यानंतरची. मुंबईत १८८८ साली पूर्ण झालेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या, इमारतीवर या शिल्पप्रकाराचे उत्तरकालीन अनुकरण पाहावयास मिळते. संस्कृत ‘गर्गर’ व त्यापासून आलेली मराठी ‘घागर’ यांतही पाण्याचा तोच नाद ऐकू येतो. परंतु केवळ नादसाम्यावरून हे शब्द एककुलीन ठरविणे योग्य नव्हे.

कीर्तिमुखाची कथा याच्या अगदी उलट आहे. जालंधराचा दूत म्हणून आलेल्या राहूस खाण्यासाठी शिवाच्या क्रोधातून एक भुकेला गण उत्पन्न झाला. राहूस अभय मिळताच शिवाज्ञेने त्याने स्वतःचेच शरीर खाल्ले व केवळ मुख शेष राहिले. म्हणजे गार्गॉइल हा घसाच होय, आणि कीर्तिमुखास घसाच नाही. एकातून पाणी वाहते. दुसऱ्याच्या मुखातून पाणी वाहत नाही.

कार्यदृष्ट्या गार्गॉइलला जवळची आहे ती प्रणाल. रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वरनजीक कसबा येथील कर्णेश्वर मंदिर ज्या परंपरेत मोडते, त्या मध्ययुगीन पाषाणी शिवालयांत अभिषेकाचे पाणी गाभाऱ्याबाहेर नेण्यासाठी प्रणाल असते. तिचे तोंड पुष्कळदा मकराचे वा गाईचे घडविलेले असते. याच ‘प्रणाल’ शब्दापासून मराठीत ‘पन्हळ’ आला.

परंतु येथेही भेद लक्षात घेतला पाहिजे. रत्नागिरीत वर्षाकाठी सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथील घरांच्या उतरत्या कौलांवरून तो पागोळ्यांनी गळतो, त्यास शिल्पाची अपेक्षा नसते. मकराचे मुख घडविले गेले ते अभिषेकाच्या मोजक्या धारेसाठी. गार्गॉइल इमारतीस अपायकारक पाणी दूर लोटते. प्रणाल तीर्थ बाहेर आणते. म्हणूनच सोमसूत्री प्रदक्षिणा करणारा भाविक प्रणालीपाशी थांबतो व ती न ओलांडता मागे वळतो. गार्गॉइलखालून जाणाऱ्यास केवळ भिजण्याचे भय असते.

यास्तव चर्चवरील शिल्पास ‘पशुमुखी पन्हळ’ म्हणावे, ‘मकरप्रणाल’ ही संज्ञा शिवालयासाठी राखावी आणि ‘कीर्तिमुख’ या शब्दास या व्यवहारातून मुक्त करावे. एका शब्दाच्या सैल वापराने दोन परंपरांचे साम्य सिद्ध होत नाही. उलट प्रत्येकीचे वैशिष्ट्य मात्र लोपते.