हनी सिंग यांची रॅप-गीते आणि मनोविकार : एक चिकित्सक विचार

प्रास्ताविक : हिपहॉप ही संगीतपद्धती १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील ब्राँक्स या वस्तीत उदयास आली. तालबद्ध शब्दफेक म्हणजे रॅप हा तिचा वाङ्मयीन घटक होय. रॅपमधील 'मी' बढाईखोर व अजिंक्य असतो. असा 'मी' उभा करणाऱ्याचे मनच आजारी पडले तर त्याच्या निर्मितीचे काय होते, हा प्रश्न प्रस्तुत लेखात यो यो हनी सिंग यांच्या कारकिर्दीच्या आधारे तपासावयाचा आहे.

हिरदेश सिंग (जन्म १९८३) यांना 'इंटरनॅशनल व्हिलेजर' (२०११) या संग्रहाने आणि 'लुंगी डान्स' (२०१३) या गीताने अफाट लोकप्रियता दिली. २०१४ नंतर ते अकस्मात दिसेनासे झाले. आपणांस बायपोलर हा विकार आहे, असे त्यांनी २०१६ मध्ये जाहीर केले. या विकारात उन्माद आणि नैराश्य यांच्या अवस्था येतात. २०१८ च्या अखेरीस 'मखना' या गीताने ते परतले. २०२४ च्या डिसेंबरात आलेल्या माहितीपटात त्यांनी व कुटुंबीयांनी या काळाविषयी कथन केले आहे.

संत एकनाथांच्या भारुडांतही कवी आंधळ्याचे, बहिऱ्याचे, मुक्याचे सोंग घेतो. परंतु सोंग आणि सोंग घेणारा वेगळे आहेत, हे श्रोत्यास ठाऊक असते. रॅपमध्ये मात्र सोंग हेच सत्य असल्याचा दावा असतो. म्हणूनच आजारात हे सोंग गळून पडते, तेव्हा बोलावयास दुसरा आवाज उरत नाही. हनी सिंग यांनी आपले दुःख मुलाखतीत व माहितीपटात सांगितले. 'मखना'त मात्र तोच जुना 'मी' परतला. त्यातील स्त्रीविषयक शब्दांवरून २०१९ मध्ये पंजाबात गुन्हाही नोंदविला गेला. अशा शब्दांवरील टीका २०१२ पासूनची आहे. आजार सहानुभूतीस पात्र आहे; तो शब्दांची जबाबदारी पुसून टाकीत नाही.

ही मर्यादा या कलाप्रकाराची नव्हे. कान्ये वेस्ट यांनी २०१८ च्या संग्रहाच्या मुखपृष्ठावरच बायपोलर विकाराचा उल्लेख केला. लॉजिक या अमेरिकन रॅपरने २०१७ मध्ये आत्महत्या-प्रतिबंधक दूरध्वनी क्रमांकच गीताचे शीर्षक केले. २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, त्या गीताची सर्वाधिक चर्चा झालेल्या ३४ दिवसांत त्या क्रमांकावरील दूरध्वनी ६.९ टक्क्यांनी वाढले आणि आत्महत्या अपेक्षेपेक्षा २४५ ने कमी झाल्या. एका गीताने हे एकट्याने घडविले असे सिद्ध होत नाही. तथापि दुःख उच्चारण्याचे मोल त्यातून ध्यानी येते.

समारोप : वेड हे प्रतिभेचे मूल्य होय, असा समज आपल्या वर्गांतही आढळतो. हनी सिंग यांचे उदाहरण त्यास छेद देते. आजाराने त्यांची निर्मिती फुलविली नाही, थांबविली. ती पुन्हा सुरू झाली ती उपचार व कुटुंबाचा आधार यांनंतर. मनाला उद्देशून बोलण्याची परंपरा मराठीस नवी नाही. बिरवाडीहून जवळच असलेल्या शिवथरघळीचे नाव ज्यांच्याशी जोडले जाते, त्या समर्थ रामदासांनी 'मनाचे श्लोक' थेट मनालाच उद्देशून रचले. आपला विद्यार्थी रॅप लिहू लागला आहे. त्यास बढाईइतकीच ही दुसरी वाटही दाखविणे, आणि तो गप्प झाल्यास वेळीच विचारपूस करणे, हे अध्यापकाचे कर्तव्य ठरते.