सोर्स कोड हरवलेल्या खेळाची नवी आवृत्ती

भोरहून रायरेश्वराकडे जाताना कारी हे गाव लागतं. कान्होजी जेध्यांचं कारी. याच जेधे घराण्याच्या दप्तरातली एक शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाकडून ती छापली गेली. शके १५४० ते १६१९ या काळात काय काय घडलं, याच्या तिथीवार कोरड्या नोंदी. त्यात एक नोंद शिवाजी महाराजांच्या जन्माची होती: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. तोवर बखरींच्या आधारे जन्म शके १५४९ च्या वैशाखात धरला जाई. एका घराच्या दप्तरातल्या कागदाने सगळ्यांनी मान्य केलेलं साल हलवलं. पुढे अनेक वर्षं वाद झाला आणि आज महाराष्ट्र शासन १९ फेब्रुवारीला शिवजयंती साजरी करतं, ती त्याच नोंदीच्या आधारे.

एका जपानी व्हिडिओ गेमबद्दल लिहिताना हे आठवायचं कारण असं, की 'फायनल फँटसी टॅक्टिक्स' हा गेमही अशाच एका कागदापासून सुरू होतो. अराझलाम नावाचा इतिहासकार आपल्याशी बोलतो. इवालिस नावाच्या राज्यात कित्येक शतकांपूर्वी वारसाहक्कावरून मोठं युद्ध झालं. ते डेलिटा नावाच्या सामान्य घरातल्या तरुणाने संपवलं आणि तो राजा झाला, असं सगळे मानतात. पण चर्चने दडपून ठेवलेले काही कागद अराझलामला मिळाले आहेत आणि त्यांत दुसरंच नाव आहे: रामझा. बड्या सरदार घराण्यातला धाकटा मुलगा, डेलिटाचा मित्र, अधिकृत इतिहासात धर्मद्रोही. पुढचे पन्नासेक तास आपण खेळतो ती या कागदांमधली गोष्ट.

हा गेम प्लेस्टेशनवर १९९७ साली आला. दिग्दर्शन आणि कथा यासुमी मात्सुनो यांची. बुद्धिबळासारखे चौकोन, पण पटाला उंचसखलपणा आहे: डोंगर, छपरं, किल्ल्यांच्या भिंती. आपण पाच-सहा माणसं उतरवायची आणि पाळीपाळीने लढायचं. प्रत्येकाला पेशा शिकवता येतो: तिरंदाज, साधू, चोर, जादूगार, गणिती. एका पेशातलं कौशल्य दुसऱ्यात वापरता येतं आणि खरा नाद इथेच लागतो. ३० सप्टेंबर २०२५ ला याची नवी आवृत्ती आली, 'द इवालिस क्रॉनिकल्स'. मला तिच्याबद्दल दोन गोष्टी म्हणायच्या आहेत. हे फार चांगलं काम आहे ही पहिली. ज्या गोष्टीबद्दल हा गेम आहे, नेमकी तीच गोष्ट या कामात राहून गेली आहे, ही दुसरी.

आधी थोडं तांत्रिक. नव्या आवृत्तीचे दिग्दर्शक काझुतोयो माएहिरो मूळ गेमवरही काम करत होते. त्यांनी सांगितलं, की १९९७ चा सोर्स कोड आणि मास्टर डेटा आता अस्तित्वात नाही. त्या काळी परदेशी भाषेतली आवृत्ती करायची, तर आहे त्याच डेटावर नवं लिहिलं जाई. जुनं वेगळं जपून ठेवायची पद्धत नव्हती. दिवसभर गिट वापरणाऱ्या माझ्यासारख्याला हे ऐकून पोटात गोळा येतो, पण गिटच मुळी २००५ सालचं आहे. १९९७ मध्ये डिस्क महाग होत्या, गेम विकला गेला की काम संपलं, आणि २८ वर्षांनी कोणाला यातलं काही लागेल असं कोणालाच वाटलं नव्हतं.

म्हणून टीमने विकल्या गेलेल्या आवृत्त्या समोर ठेवल्या आणि त्यांवरून गेम पुन्हा बांधला. हे किती अवघड असतं ते सांगायला मला आईची चकली आठवते. तयार चकली बघून सोऱ्यात कुठली ताटली घातली होती ते ओळखता येतं. भाजणीत कुठली डाळ किती होती ते मात्र अंदाजानेच सांगावं लागतं. सोर्स कोडमध्ये प्रोग्रामरने दिलेली नावं असतात, शेजारी लिहिलेली कारणं असतात. विकलेल्या डिस्कवर त्यांतलं काही नसतं, फक्त मशीनला कळणारे आकडे असतात. शत्रू अमुक वेळी मागे का सरकतो, हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता की रात्री दोनला झालेली चूक, हे आकड्यांवरून कळत नाही. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी ठरवावं लागतं. रीमास्टर हा शब्द ऐकून आपल्याला जुन्या फोटोवरची धूळ पुसल्यासारखं वाटतं. इथे झालंय ते संपादन आहे.

मग हे संपादन कसं झालंय?

मी हा गेम पहिल्यांदा फोनवर खेळलो. २००७ साली पीएसपीवर आलेली 'वॉर ऑफ द लायन्स' ही आवृत्ती २०१५ मध्ये अँड्रॉइडवर आली, तेव्हा मी इंजिनिअरिंगला नुकता लागलो होतो. मूळ गेमचं इंग्रजी भाषांतर इतकं गचाळ होतं, की त्यातली काही वाक्यं आजही विनोद म्हणून फिरतात. २००७ चं भाषांतर सुंदर आहे, पण ते जुन्या नाटकांतल्या इंग्रजीत आहे. माझं इंग्रजी पाठ्यपुस्तकातलं. वाक्य संपलं तरी कोण कोणाला धमकावतोय ते कळायचं नाही. पेशे कळले, लढाया कळल्या, गोष्ट निम्मीच कळली.

नव्या 'एन्हान्स्ड' आवृत्तीत प्रत्येक पात्राला आवाज आहे आणि माझ्यासाठी हा सगळ्यात मोठा फरक ठरला. कारण ही गोष्ट मुळात कोण कोणाशी कसं बोलतं याचीच आहे. पन्नास वर्षं युद्ध लढलेल्या सैनिकांना पगार न देता घरी पाठवलंय, ते आता बंडखोर झालेत, आणि त्यांना ठेचायला सरदारांची पोरं निघालीत. त्यांच्यात डेलिटा आहे. सरदारांच्या घरात वाढलेला, पण त्यांच्यातला नसलेला. आर्गाथ नावाचा पडत्या घराण्यातला मुलगा त्याला त्याची जागा दाखवून देतो. पंतसचिवांचं भोर संस्थान १९४८ साली विलीन झालं, पण नवीन माणूस भेटला की आडनाव, गाव, आणि गावात घर कुठल्या बाजूला, हे विचारायची सवय आमच्याकडे अजून आहे. विचारणारा गोड बोलत असतो आणि उत्तर ऐकल्यावर त्याचा सूर बारीक बदलतो. तो बदल मला आर्गाथच्या आवाजात ऐकू आला. लिखित इंग्रजीत तो माझ्या हातून निसटला होता.

दुसरी सुधारणा खेळण्यातली. या गेममध्ये रिओव्हेन्स नावाचा एक किल्ला कुप्रसिद्ध आहे. तिथे एकापाठोपाठ लढाया होतात आणि मधल्या लढाईत रामझाला वीग्राफशी एकट्याने लढावं लागतं. दोन लढायांच्या मध्ये तुम्ही तुमच्या एकुलत्या एक सेव्हवरच सेव्ह केलं आणि रामझा कच्चा असेल, तर मागे जायची वाट नाही. माझंही तेच झालं. एकच सेव्ह ठेवणं ही चूक माझीच, पण पुढे सहा महिने मी गेम उघडला नाही. एन्हान्स्डमध्ये अशा लढायांच्या मधून नकाशावर परत जाता येतं. टाकलेलं पाऊल मागे घेता येतं, पट वरून पाहता येतो, पुढची पाळी कोणाची ते दिसतं, सोपं-अवघड निवडता येतं.

जुने खेळाडू म्हणतात, याने मजा गेली. वेल्ह्यात राजगडाबद्दल हेच बोलणं ऐकलंय. बालेकिल्ल्याच्या चढणीवर रेलिंग आहे, तर काय ट्रेक राहिला? पण त्या रेलिंगला धरून माझी आई बालेकिल्ल्यावर गेली. कातळ होता तसाच आहे. ज्याला नको असेल त्याने रेलिंगला हात लावू नये. आणि मुख्य म्हणजे, ते लोखंडी रेलिंग शिवकाळातलं नाही हे शाळकरी पोरालाही दिसतं. त्यामुळे पाऊल मागे घेण्याच्या सोयीबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार आहे ती संवादांबद्दल. मात्सुनोंनी एन्हान्स्डसाठी संहितेवर पुन्हा हात फिरवला आहे. नवे संवाद आले आहेत. मूळ गेममध्ये अग्रियास किंवा मुस्टाडिओसारखी पात्रं आपल्या टोळीत आली, की पुढे जवळजवळ मुकी व्हायची. कारण ती लढाईत कायमची मरू शकत, आणि मेलेल्याला संवाद कसे देणार? आता ती पुढेही बोलतात. यातलं बरंच मला आवडलं. पण १९९७ चं वाक्य कुठलं आणि २०२५ चं कुठलं, हे दाखवणारी एकही खूण गेममध्ये नाही. हे रेलिंग नाही. पडलेल्या चिऱ्याच्या जागी जुन्यासारखा घडवलेला नवा चिरा आहे.

यावर उत्तर येतं, की लेखक स्वतःच आहे, त्याला बदलायचा हक्क आहे. हक्क आहेच. पण अठ्ठावीस वर्षांनंतरचा लेखक हाही आपल्या जुन्या मजकुराचा एक संपादक असतो. आणि मूळ हवं त्यांच्यासाठी 'क्लासिक' दिलंय ना, असं म्हणावं, तर क्लासिकही १९९७ चं नाही. त्यात चित्रं जुनी आहेत, पण इंग्रजी मजकूर २००७ चा. त्याच २००७ ने आणलेले जादा पेशे, पात्रं आणि प्रसंग मात्र दोन्ही आवृत्त्यांमधून वगळले आहेत. म्हणजे अंग १९९७ चं आणि तोंड २००७ चं, असा गेम बाजारात कधीच नव्हता, आणि त्याला नाव दिलंय क्लासिक. २००७ चं भाषांतर चांगलं आहे, निवड योग्यच आहे. ती निवड आहे एवढं कुठेतरी लिहायला हवं होतं.

मागणी फार मोठी नाही. आम्ही प्रोग्रामर रोज डिफ बघतो: जुनी ओळ लाल, नवी ओळ हिरवी, बदल कोणी केला त्याचं नाव. याच गेममध्ये 'स्टेट ऑफ द रेल्म' नावाचा पडदा आहे, त्यावर कोण कोणाच्या बाजूने आहे ते प्रसंगानुसार पाहता येतं. कथा समजावायला एवढी सोय करणाऱ्यांना एक बटण जड नव्हतं: दाबलं की त्या संवादाचं जुनं रूप दिसेल. जुना कागद छापताना चांगला संपादक अक्षर पुसलेलं असेल तिथे आपला अंदाज कंसात टाकतो. त्याने अंदाज करू नये असं कोणी म्हणत नाही, कंस मात्र द्यावा. जेधे शकावलीवर इतकी वर्षं वाद घालता आला, कारण नोंद काय आहे आणि तिचा अर्थ कोण काय लावतंय, हे वेगवेगळं पाहता येत होतं.

गेमच्या शेवटी ज्याने खरी हकीकत लिहिली त्याचं काय होतं ते सांगत नाही, खेळणाऱ्यांची मजा जाईल. पण दडपलेल्या मजकुराबद्दल इतक्या कळकळीने बोलणाऱ्या गेमने स्वतःच्या मजकुरात काय बदललं ते सांगू नये, हे मला खटकलं.

तरी पहिल्यांदा खेळणाऱ्याने एन्हान्स्डच घ्यावं, आवाज चालू ठेवून. ती कन्सोल आणि पीसीवर आली, फोनवर नाही, आणि आपल्यातल्या बहुतेकांकडे फोनच असतो ही अडचण आहेच. ज्यांनी फोनवर जुनी 'वॉर ऑफ द लायन्स' घेतली असेल त्यांनी ती काढून टाकू नये. आता तोही एक जुना कागद आहे. आणि रिओव्हेन्सला पोहोचाल तेव्हा दोन सेव्ह ठेवा.