सत्यकामाचे गोत्र

छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायातील सत्यकामाची कथा लहान आहे. तिच्यातील प्रश्न मात्र मोठा आहे. गुरुगृही जाऊ इच्छिणारा मुलगा आईला आपले गोत्र विचारतो. तारुण्यात अनेकांची सेवा करीत असताना तुझा जन्म झाला, गोत्र मला ठाऊक नाही, असे जबाला सांगते. मुलगा हे उत्तर हारिद्रुमत गौतमांपुढे जसेच्या तसे ठेवतो. ब्राह्मणावाचून कोणी असे बोलणार नाही, असे म्हणून गौतम त्याचे उपनयन करतात.

कथेची थोरवी या वाक्यात आहे आणि मर्यादाही. सत्य बोलतो तो ब्राह्मण, हा अर्थ आपणांस प्रिय वाटतो. परंतु सत्य बोलला त्याअर्थी तो जन्मानेही ब्राह्मणच असावा, असाही अर्थ निघतो. ब्रह्मसूत्रावरील भाष्यात शंकराचार्यांनी हाच दुसरा अर्थ घेतला आणि शूद्राला वेदाधिकार नाकारताना या कथेचा दाखला दिला. पाली सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्त असा आडोसा ठेवत नाही. ब्राह्मण्य जन्माने नव्हे, कर्माने ठरते, असे ते स्पष्ट सांगते.

निवेदक जबालेला दोष देत नाही. तिचेच नाव मुलगा अभिमानाने मिरवतो. कथेतील हे मला सर्वांत मोलाचे वाटते.

गोव्याच्या ख्रिस्ती समाजातही बामण, चारदो हे भेद उरलेच. स्नानसंस्काराच्या वेळी धर्मगुरू बाळाचे नाव विचारतो, कुळ नव्हे. सोयरीक जुळविताना आपण काय विचारतो?