माप कुणाच्या ताटाचं?

हल्ली पांढरपेशांच्या घरात एक नवं वारं शिरलंय. परंपरेचं खा. आजी खायची ते खा. तुपाला भिऊ नका. आणि थोडंच खा. पुस्तकं निघतात, व्याख्यानं होतात, मासिकांची पानं भरतात. यातलं थोडं खरंही आहे. पण मित्रांनो, या उपदेशाला तीन प्रश्न विचारल्याशिवाय सोडायचं नाही. परंपरा कुणाची? चरबी कुणाची? आणि माप कुणाच्या ताटाचं?

आधी परंपरा घेऊ. मराठीत पाकशास्त्राची पुस्तकं ढिगाने आहेत. त्यातली आजी पुरणपोळी लाटते, वर साजूक तुपाची धार सोडते. महारामांगांची आजी तिथे शोधून सापडत नाही. ती कागदावर यायला २०१५ साल उजाडावं लागलं. त्या साली शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आलं. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुली त्यांनी मांडल्या. २०२४ मध्ये ते पुस्तक इंग्रजीतही गेलं. त्याच्या नावातच भांडण आहे. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्यांच्या पंगतीला आपली माणसं कधी बसलीच नव्हती.

आपल्या ताटात काय होतं? ज्वारीची भाकर, रानातली भाजी, वजडी, रक्ती, मुंडी, पाय. आणि चान्या. मांसाच्या लांब पट्ट्या कापायच्या, दोरीवर उन्हात वाळवायच्या, नड पडली की काढायच्या. चरबी कढवून ठेवायची, तिचीच फोडणी. हे काही हौसेने झालेलं नाही. मेलेलं ढोर ओढायचं काम गावाने लादलेलं. मांस एकदम हाती यायचं, मग महिनोन् महिने काही नाही. तेल विकत घ्यायला पैसा नाही. म्हणून वाळवण, म्हणून चरबी. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) तर शेणातून निघालेले ज्वारीचे दाणे धुऊन दळलेत. तीही आजीचीच परंपरा. तिच्याकडे परत चला म्हणायची कुणाची छाती आहे?

म्हणून पाटोळ्यांचं पुस्तक वाचा, पण आरोग्याचा ग्रंथ म्हणून वाचू नका. तो साक्षीपुरावा आहे. माणसं कशावर जगली ते त्यात आहे. कशावर जगावं हा वेगळा प्रश्न, त्याचं उत्तर आपल्याला आज शोधायचंय.

आता चरबी. गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन वर्ग केलेत. स्निग्ध ते सात्त्विकांना आवडतं, शिळं आणि उष्टं ते तामसांना. बघा गंमत! गावाने आम्हाला काय वाढलं? शिळं आणि उष्टं. आणि वर ठरवलं काय, तर यांना हेच आवडतं. वाढणारे तेच, नावं ठेवणारेही तेच.

शरीर हे वर्ग ओळखत नाही. एक ग्रॅम चरबी ९ कॅलरी देते, मग ती तुपातली असो, शेंगदाण्याच्या तेलातली असो की कढवलेल्या चरबीतली. हृदयाला जाचणारी संपृक्त चरबी मोजली तर डुकराच्या चरबीत ती ४० टक्क्यांच्या आसपास, बैलाच्या चरबीत ५०च्या आसपास आणि तुपात ६०च्या आसपास. या हिशेबात तुपाला जानव्याची सवलत मिळत नाही.

पण हा हिशेब आपल्यालाही लागू आहे. आपलं आहे म्हणून ते औषध होत नाही. संपृक्त चरबीतून दिवसाच्या १० टक्क्यांहून जास्त कॅलरी येऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्याला हे साधारण २२ ग्रॅम होतात. आणि खारवलेल्या मांसाने आतड्याचा कर्करोग होऊ शकतो, हे त्याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये जाहीर केलं. खारवलेल्या चान्यांना त्यातून सूट नाही. अभिमानाच्या भरात हे लपवलं तर आपणही पोथीवालेच झालो.

त्याच २०१५ साली महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट झाली. गाईच्या कत्तलीला १९७६च्या कायद्याने बंदी होतीच. दुरुस्ती करून बैल आणि वळूही त्यात घातले. गरिबाच्या ताटातलं एक स्वस्त मांस कायद्याने उचललं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत याच राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. मांसातलं लोह अंगाला लवकर लागतं, भाजीतलं तितकं लागत नाही. सत्तेला ताटातलं मांस दिसतं, पांढरे पडलेले डोळे दिसत नाहीत.

उरला मापाचा प्रश्न. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची सूत्रं काढली. अर्धं ताट भाज्या आणि फळांचं, धान्यातून ४५ टक्क्यांहून जास्त कॅलरी नकोत. बरोबर आहे. पण भाकर आणि ठेच्यावर दिवस काढणारी बाई हे कसं साधणार? भाकर कमी करून? तिच्या ताटात डाळ, अंडं, भाजी, कलेजी आली तरच ते साधेल. ‘कमी खा’ हा सल्ला तिला दिला तर ती उपासमारच होईल.

बौद्ध साहित्यात याचं उत्तर आहे. कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर भात खायचा आणि धापा टाकायचा. बुद्धाने त्याला जेवणातली मात्रा शिकवली. राजाने जेवताना आठवण द्यायला एक तरुण नेमला आणि हळूहळू तो नाळीभर भातावर आला. हा झाला राजा. आता शेतकरी. आळवी गावात एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून उपाशीच धम्म ऐकायला आला. बुद्धाने उपदेश थांबवला, आधी त्याला जेवू घातलं, मग बोलायला सुरुवात केली. धम्मपदाच्या अट्ठकथेत ही कथा आहे. गुरू एकच, मापं दोन. समोरच्याचं पोट बघून मात्रा सांगायची असते.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस आणि उष्टं सोडायला सांगितलं. लाचारीचा घास नको, एवढं त्यांना म्हणायचं होतं. आज वस्तीत दुसरीच लाचारी आली आहे. सुट्टं पामतेल, पुड्यांतलं खारं, बाटलीतलं गोड पाणी. एकाच घरात बापाला साखरेचा आजार आणि पोरीला रक्त कमी. दोघांना एकच माप कसं चालेल?

तेव्हा कार्यकर्त्यांनो, पुढच्या बैठकीत घोषणांबरोबर ताटंही मोजा. महिन्याला घरात तेल किती, खाणारी तोंडं किती, ते लिहून काढा. चरबी तुपाची असो की बोकडाची, चमच्याने घ्या. कलेजी आणली तर पहिला वाटा घरातल्या बाईला आणि पोरीला. गरोदर असेल तर डॉक्टरला विचारून, कारण कलेजीतलं अ जीवनसत्त्व जास्त झालं तर पोटातल्या बाळाला बाधतं. आणि सगळ्यात शेवटी जेवणारी बाई आधी जेवायला बसवा. आजवर तिचं माप पातेल्याच्या तळाशी उरेल तेवढंच होतं.