मिठातील दोन क्षार : एका चाचणीचे परीक्षण

रक्तदाबाच्या विकारात मिठाला आरोपी ठरवून बराच काळ लोटला आहे. तथापि मिठात पालट केल्याने पक्षाघात प्रत्यक्ष टळतो काय, या प्रश्नाला पुरेशा मोठ्या प्रयोगाचा आधार नव्हता. ब्रूस नील व त्यांचे सहकारी यांनी चीनच्या ग्रामीण भागात केलेल्या चाचणीने ही उणीव पुष्कळ अंशी भरून काढली. तिचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. तिची योग्यता मान्य करूनच तिच्या फलिताचा अर्थ तपासणे येथे कर्तव्य आहे.

चाचणीत ६०० गावांतील २०,९९५ व्यक्ती होत्या. त्यांना एक तर पूर्वी पक्षाघात होऊन गेला होता, किंवा त्या साठीच्या पुढील असून त्यांचा रक्तदाब वाढलेला होता. निम्म्या गावांत नेहमीचे मीठ चालू राहिले. उरलेल्यांत सुमारे तीन भाग सोडियम क्लोराइड व एक भाग पोटॅशियम क्लोराइड असे मिश्रण देण्यात आले. जवळजवळ पाच वर्षांच्या अवधीत पक्षाघाताचे प्रमाण दर हजार व्यक्तिवर्षांमागे पहिल्या गटात ३३.६५, तर दुसऱ्यात २९.१४ भरले. हा लाभ लहान नव्हे.

परंतु या लाभाचे श्रेय कोणाचे? ते सामान्यतः 'मीठ कमी केल्याचे' मानले जाते. मूत्रपरीक्षेतील आकडे निराळे सुचवितात. दोन्ही गटांची तुलना करता सोडियमचे दैनिक उत्सर्जन सुमारे ३५० मिलिग्रॅमने कमी, तर पोटॅशियमचे सुमारे ८०० मिलिग्रॅमने अधिक होते. पोटॅशियमचा अणू जड असल्याने केवळ वजनांची तुलना फसवी ठरेल, हे खरे; पण मिलिमोलमध्ये मोजले तरी १५ ची घट व २० ची वाढ असेच चित्र दिसते. पोटॅशियम विपुल असता मूत्रपिंडातील नलिका सोडियम अधिक बाहेर टाकतात, हे लक्षात घेता ही वाढ उपेक्षणीय नाही. अमेरिकेतील 'डॅश' चाचणीतही (१९९७) सोडियम कायम ठेवून केवळ फळे, भाज्या व कमी स्निग्धांशाचे दुग्धपदार्थ वाढविल्याने रक्तदाब उतरला होता. प्रस्तुत चाचणीत दोन्ही बदल एकाच पुडीत बांधलेले असल्यामुळे श्रेयाची वाटणी तिच्या आधारे करता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मूत्रपिंडाचा तीव्र विकार असल्याचे ज्ञात असलेल्या व्यक्ती, तसेच पोटॅशियम शरीरात राखून ठेवणारी औषधे घेणाऱ्या व्यक्ती प्रारंभीच वगळल्या होत्या. सहभागी व्यक्तींच्या रक्तातील पोटॅशियमची नियमित तपासणीही झाली नाही. म्हणून निर्धोकपणाचा निर्वाळा त्या मर्यादेबाहेर नेणे अयोग्य होय. आपल्याकडेही मिठाचा मोठा वाटा घरच्या स्वयंपाकातूनच पोटात जातो. त्यामुळे हा उपाय आपल्याला जवळचा वाटेल. पण मूत्रपिंडाचा विकार पुष्कळांच्या ध्यानात उशिरा येतो, आणि अशांच्या हृदयाला वाढीव पोटॅशियम घातक ठरू शकते.

सारांश, या चाचणीने मिठाचा पालट हितावह ठरविला. एकट्या सोडियमचा अपराध मात्र सिद्ध केला नाही. रक्तदाबाचा विचार यापुढे एका क्षाराचा न राहता क्षारांच्या परस्परसंबंधाचा व्हावा, हाच तिचा खरा बोध होय.